ओटीभर आवाज

पंचफुलाचा आवाज पहिल्यांदा हरवला तो श्रावणातल्या एका संध्याकाळी, अल्लीपूरच्या विहारात, दुसरं पान वाचताना.

वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीतल्या बाया दिवेलागणीला पांढरी लुगडी नेसून विहारात यायच्या. मधे चौरंगावर ग्रंथ. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणारी कित्येक वर्षं एकच होती, पंचफुला, आणि तिचा आवाज असा की रस्त्याने बैल घेऊन जाणारा माणूससुद्धा कासरा आवळून घटकाभर थांबायचा. त्या दिवशी पहिलं पान नेहमीसारखं गेलं. दुसऱ्या पानावर शब्द नाकातून यायला लागले, मग जिभेला जड झाले, आणि डाव्या डोळ्याची पापणी तिला न विचारता खाली उतरली.

"झोपली काय व?" समोर बसलेल्या मनकर्णाबाईने विचारलं. "आमाले जागं ठेवून सोताच डुलक्या घेऊन राह्यली."

बाया हसल्या. पंचफुलालाही हसायचं होतं, पण हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत चढलंच नाही. तिने ग्रंथ शेजारी बसलेल्या काजलकडे सरकवला. काजल ही वस्तीतली नवी सून, बी.ए. झालेली. तिने उरलेलं भराभर वाचून टाकलं.

घरी येऊन पडल्यावर आवाज परत आला. सकाळी तर अगदी स्वच्छ होता. पंचफुलाने अंगणात उभं राहून कोंबड्यांना हाक मारून पाहिली, तर कोंबड्या धावत आल्या. पण संध्याकाळी पुन्हा तेच. आवाज सकाळी भरलेला असायचा आणि बोलेल तसा सरायचा. गप्प राहिलं की पुन्हा थोडा साचायचा, आटलेल्या विहिरीत झिरपून पाणी साचतं तसा.

तिला एकाच गोष्टीची धास्ती लागली. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण.

तो ग्रंथ तिच्या बापाचा. प्रेमदास मोठेपणी अक्षर शिकला होता. तो ओळीखाली बोट ठेवून वाचायचा, आणि ओळ संपली की वाक्य संपलेलं नसलं तरी थांबायचा, बोट खालच्या ओळीवर नेईपर्यंत. असाच तो वाक्याच्या मध्यात थांबत थांबत सगळा ग्रंथ वाचायचा, आणि लहान पंचफुला त्याच्या मांडीशी बसून त्या थांबण्यासकट शिकली. एका वर्षावासात तो आजारी पडला. शेवटचं प्रकरण राहिलेलं. "तू वाचजो, बाई," तो म्हणाला. तिने खाटेशी बसून वाचलं, त्याने डोळे मिटून ऐकलं, आणि थंडी पडायच्या आत तो गेला. तेव्हापासून शेवटचं प्रकरण तिचं. ती ते वाचायची तेव्हा त्या चुकीच्या थांब्यांमध्ये तिला बापाचं बोट ओळीवरून खाली उतरताना दिसायचं. दुसरं कुणी वाचलं तर ग्रंथ पुरा होणार, पण ते बोट दिसणार नाही.

म्हणून तिने आवाज जपायचं ठरवलं. दिवसभर बोलायचंच नाही, संध्याकाळी विहारात जमेल तेवढं वाचायचं.

आता वस्तीत काय झालं, तर त्याच वर्षी पोरांनी विहारात माईक आणला होता आणि तो लावून पाहताना काजलला बोलायला सांगितलं होतं. इकडे पंचफुला मुकी झाली. चार दिवसांत सगळ्यांना कारण कळलं. म्हातारी माईकवर रुसली.

समजूत काढायला मनकर्णाबाई काटवलाची भाजी घेऊन आली.

"पंचफुला, हे काय रुसायचं वय हाय काय आपलं? लोखंडाचा दांडा तो. त्याच्यावर कायले रुसतं?"

पंचफुलाने मान हलवली.

"मुंडी काऊन हलवतं? तोंडात दगड हाय काय?"

पंचफुलाने पुन्हा मान हलवली. सगळं समजावून सांगायचं तर अर्ध्या पानाचा आवाज खर्ची पडला असता.

"बरं, मीच बोलतो दोघीचं," मनकर्णाबाई म्हणाली आणि पाटावर बसली. "ये व मनकर्णा, बस. बसतो माय. चहा घेतं काय? घेतो, पण साखर कमी टाकजो, मागच्या खेपेले नुसता पाक पाजला होता."

पंचफुलाने हसत हसत चहा मांडला. मनकर्णाबाई दोन्हीकडून बोलत राहिली, मधेच दोघींचं थोडं भांडणही लावलं, आणि चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी पोरांनी माईक खोक्यात घालून माळ्यावर टाकला. पंचफुलाला फार वाईट वाटलं, पण ती त्यावरही काही बोलली नाही.

पोळ्याच्या सुट्टीत नात घरी आली. मयुरी वर्ध्याला राहून जीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिने एक दिवस आजीला नुसतं पाहिलं. सकाळी कोंबड्यांना मारलेली हाक ऐकली, संध्याकाळी भाकरीचा घास चावता चावता थांबलेला जबडा पाहिला.

"आजी, वर पाह्य. आढ्याकडे. डोळे मिटू नोको."

पंचफुला आढ्याकडे पाहत राहिली. हळूहळू दोन्ही पापण्या उतरल्या, डावी आधी, उजवी मागून.

"हे रुसणं नाई," मयुरी आपल्या बापाला म्हणाली. "उद्याच हिले सेवाग्रामले नेतो."

सेवाग्रामच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी रुमालात बर्फाचा खडा गुंडाळला आणि पंचफुलाच्या डाव्या डोळ्यावर धरला. पाणी गालावरून गळ्यात उतरलं. थोड्या वेळाने रुमाल काढला आणि पापणी वर. कित्येक दिवसांनी तिला दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसलं: खिडकीतला कडुनिंब, त्याखाली डबा सोडून बसलेली माणसं, डॉक्टरीणबाईंच्या नाकातला खडा. मग रक्त घेतलं, आणखी तपासण्या झाल्या, पुन्हा एकदा यावं लागलं, आणि गोळ्या सुरू झाल्या. "बरंच सावरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पहिल्यासारखं सगळं नाही. दमायचं नाही, आजी. थोडं बोलायचं, थांबायचं."

परतीच्या बसमध्ये पंचफुलाने विचारलं, "म्हणजे मले झालं तरी काय?"

मयुरीने खिडकीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने एक गोल काढला. "हे नसेचं टोक. मेंदूचा हुकूम येते, जीभ हलव म्हणून. तो इथं थांबते, कारण पुढं जिभेचं मांस हाय आन् मधात बारकी फट. नसेच्या आत लहान लहान पिशव्या असतात, रसायनानं भरलेल्या. त्या काठाले येतात, काठाच्या पडद्याले चिकटतात, उघडतात. रसायन फटीत सांडते, पलीकडं निरोप पोचते, जीभ हलते."

"आन् रिकामी पिशवी? फेकून देतात?"

"नाई ना. ती पडद्यातच मिसळते. पिशवी आन् पडदा एकाच कापडाचे. मंग पडदा दुसरीकडं आत वळते, खळगा होते, त्याची नवी पिशवी होते, भरते, परत काठाले येते. अंगातल्या सगळ्याच पेशीत असं चालते, आजी. बाहेर द्याचं ते पिशवीतून, बाहेरून आत घ्याचं तेबी पिशवीतून. एवढी ये-जा होते, पण पडदा कुठं फाटत नाई."

"मंग माह्या पिशव्या रिकाम्या पडल्या काय?"

"तुह्या पिशव्या बराबर हायेत. पलीकडं निरोप घेणारी दारं असतात, ती बुजली. तुह्याच रक्तानं चुकून बुजवली. पहिल्या खेपेले माल लय असते, म्हणून उरलेल्या दारातून भागते. बोलत गेली की खेपा लहान होतात, मंग पोचत नाई. थांबली की पुन्हा भरतात."

"गोळी काय करते?"

"फटीत सांडलेलं रसायन लगेच झाडून टाकणारं एक असते. गोळी त्याले म्हणते, जरा थांब."

"तुह्या आईसारखं," पंचफुला म्हणाली. "पाहुणा उठला नाई की खराटा घेऊन उभी."

मयुरी हसून तिच्या खांद्यावर कलंडली. बस हिंगणघाटच्या रस्त्याला लागली होती. दोन्ही बाजूंना कापसाची पराटी हातभर वाढलेली, पिवळी फुलं धरलेली. पंचफुलाचे डोळे मिटले, या वेळी तिच्या मर्जीने.

तिला कापूस फुटलेला दिसला, पांढरा, जिथवर नजर जाईल तिथवर. ती वीस वर्षांची होती. कमरेला लुगड्याचाच घोळ खोचून ओटी केलेली, दोन्ही हात बोंडांवर चालत होते. वेगळी पिशवी कुणी शिवत नसे. ओटी भरली की शेताच्या बांधावर, धुऱ्यावर यायचं, खोचा सोडायचा, कापूस ढिगावर सांडायचा, आणि ओटी होती तिथे नुसतं लुगडं. मग पुन्हा घोळ आत वळवायचा, पुन्हा ओटी. बायांची रांग येत होती, उघडत होती, परतत होती, आणि कुणालाच घाई नव्हती. तिने ढिगाकडे वाकून पाहिलं. तो कापूस नव्हता. शब्द होते, हलके, उबदार, सरकीएवढे. धुऱ्याच्या पलीकडे धुकं होतं. धुक्यात कुणीतरी पदर पसरून बसलेलं होतं, पण तोंडं दिसत नव्हती. ती विचारणार होती, कोण व तुम्ही, पण ओटी रिकामी झाली होती आणि मयुरी तिला हलवत होती. अल्लीपूर आलं होतं.

खरं कारण कळल्यावर मनकर्णाबाईने माळ्यावरच्या खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे माईक फुकटच गुंडाळला." माईक माळ्यावरून खाली आला. रोजचं वाचन काजल करू लागली. ती चांगलं वाचायची, सरळ, वाक्य जिथे संपतं तिथेच थांबून. पंचफुला शेवटच्या प्रकरणासाठी आवाज राखत ऐकत राहिली.

अश्विन पौर्णिमेला दुपारीच बाया जमल्या. बाहेर मोठ्या गंजात खीर शिजत होती. पंचफुलाने वेळेवर गोळी घेतली होती. ती चौरंगापुढे बसली, काजलने माईक तिच्या तोंडाशी वळवला, आणि तिने वाचायला घेतलं. पहिलं पान गेलं. बापाचं बोट दिसत होतं, ओळीच्या शेवटी थांबायचं, खाली उतरायचं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर शब्द नाकात शिरले. तिने रेटलं. पुढचे शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसून राहिले.

काजलने ग्रंथासाठी हळूच हात पुढे केला. पंचफुलाने पानावर तळवा ठेवला. काजलने हात मागे घेतला. माईकमधून फक्त पंख्याची घरघर येत होती.

आणि समोरून पुढचं वाक्य आलं.

मनकर्णाबाई बोलत होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. ती डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, शांतपणे बोलत होती, 'त्याला'च्या जागी 'त्याले' म्हणत. काजलने वाकून पानावर पाहिलं आणि चकित होऊन मान डोलावली. मनकर्णाबाई अडखळली तिथून दुसरीने उचललं, मग आणखी कुणीतरी. पंचफुला ऐकत होती. वाक्याच्या मध्यात, जिथे थांबायचं कुणालाच कारण नव्हतं, तिथे मनकर्णाबाई थांबली. दुसरी पण थांबली. एकेका ओळीच्या टोकाशी, प्रेमदासचं बोट खाली उतरेल एवढाच वेळ. यांच्यापैकी कित्येकींनी त्याला पाहिलंही नव्हतं.

पंचफुलाने डोळे मिटले. तिच्या आत, कुठेतरी काठाशी, काहीतरी भरत होतं.

पान सरत आलं. शेवटचं वाक्य राहिलं. ते सगळ्यांना पाठ होतं. ओठ हलताना दिसत होते. पण कुणी बोललं नाही. खिरीचा वास आत येत होता, बाहेर कुणी पळी आपटली, आपटणारीला कुणीतरी दटावलं, आणि बाया पांढऱ्या पदरात हात घेऊन बसून राहिल्या. मनकर्णाबाईसुद्धा.

बऱ्याच वेळाने पंचफुलाने ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज लहान होता, पण स्वच्छ होता. ओळीच्या टोकाशी, वाक्य अजून चालू असताना, ती थांबली. समोरच्या सगळ्या रांगेचे हलणारे ओठही तिथेच थांबले. मग बोट खाली उतरलं आणि तिने उरलेले दोन शब्द वाचले.