काळ्या मोटरवरची रुई

आधी माफी मागतो. मी एका धोतराचा तुकडा बोलतोय, पण लिहून घेणारा हात मोतीरामचा आहे. त्याची शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, शब्दही साधेच असतील. स्वतःबद्दलचं वाक्य आलं की त्याची पेन्सिल थांबते, म्हणून काही गोष्टी मला दोनदा सांगाव्या लागल्या.

माझा कापूस कोणत्या शेतातला, ते मला माहीत नाही. मला आठवतं ते अकोल्याचं कापडाचं दुकान. छप्पन साली दसऱ्याच्या आधी तिथे पांढऱ्या कापडासाठी गर्दी झाली होती. मोतीरामचे वडील देवराव त्या गर्दीत उभे होते. त्यांनी मला घेतलं, बायकोला, भागीरथाबाईंना, पांढरं लुगडं घेतलं, आणि दोघं रेल्वेने नागपूरला गेली. मैदानावर जिकडे पाहावं तिकडे माझ्यासारखेच पांढरे कपडे होते. परत आलो तेव्हा घर बौद्ध झालं होतं आणि मी धुळीने तांबूस झालो होतो.

देवराव खुशालरावांच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस मशीनवर टाकण्याचं काम करत. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळ्यांवर रुई बसलेली असे. मला मात्र ते कधी जिनात नेसून गेले नाहीत. सभा असली, कुणाचं लग्न असलं की मी पेटीतून निघत असे. मग त्यांना खोकला लागला. खोकला वाढला तशी मोतीरामची शाळा सुटली, आणि साठ सालच्या थंडीत देवराव गेले.

भागीरथाबाईंनी माझे दोन भाग केले. एक पेटीत ठेवला. दुसरा मोतीरामला दिला, तो मी. मोतीराम तेव्हा खुशालरावांची काळी अँबॅसडर धूत असे. नव्या कापडात खळ असते, तिने रंगावर ओरखडे उठतात. माझ्यात खळ उरली नव्हती.

मोटर पुसताना मी माणसं पुष्कळ पाहिली. चकचकीत मोटरीजवळ कुणीही येवो, आधी बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड पाहतो. मोतीराम तेवढा पाहत नसे. तो मुलखाचा लाजरा. एखादी गोष्ट माहीत नसली तर विचारण्यापेक्षा तो चुकणं पसंत करी.

ड्रायव्हर होते नत्थुजी. त्यांनीच मोतीरामला गाडी शिकवली आणि लायसन काढून दिलं. त्रेसष्ट साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हा खुशालराव मोतीरामला म्हणाले, "रविवारी आठले अमरावतीले जायचं हाये. पोरीचे सोयरे पाहाचे हायेत. गाडी चांगली ठेवली, नीट नेली, तं चाबी तुयी. नाय जमलं तं अमरावतीचा एक ड्रायव्हर पाहून ठेवला हाये. मंग तू आतमंदी ये. मशीनवर जागा हाये, तुया बापाचीच."

खुशालराव हे वाईट मनाने बोलले नव्हते. पण त्या दिवशी भागीरथाबाई जेवल्या नाहीत. बापाच्या जागेवर मुलाने उभं राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

खुशालरावांच्या थोरल्या जावयाने मुंबईहून पातळ मेणाचा डबा आणला होता. गाडी धुतल्यावर ते मेण फवारायचं आणि पुसायचं, एवढं तो सांगून गेला होता. डब्यावर इंग्रजीत बरंच लिहिलेलं होतं. शनिवारी दुपारी मोतीरामने जिनाच्या आवारात गाडी धुतली, मेण डासांच्या औषधाच्या नव्या पंपात भरलं आणि टपापासून चाकांपर्यंत सगळ्या गाडीवर एकदम फवारलं. भिंतीला चुना दिला की वाळू देतात, तसं हेही वाळू द्यायचं असेल, असं त्याला वाटलं. नत्थुजी दहा पावलांवर बिडी ओढत बसले होते. त्याने विचारलं नाही. पंप धुवायला तो विहिरीवर गेला.

जानेवारी महिना, जीन जोरात चालू, रविवारचीही सुट्टी नाही. वारा आतून बाहेर येत होता. मोतीराम परत आला तेव्हा गाडी पांढरी झाली होती. काच, दिवे, बॉनेट, सगळ्यावर रुई चिकटलेली. तो जागीच थांबला. देवराव घरी येत तेव्हा असेच दिसत, हे मला आठवलं. त्यालाही तेच आठवलं असावं.

तेवढ्यात खुशालराव बाहेर आले.

"मोटर व्हय का मेंढी हे?"

नत्थुजी हसत सुटले. "मालक, लोकर चांगली हाये. कातरून घ्या."

"कातरा नाय तं भादरा. उद्या आठले मले ते काळी दिसली पायजे." खुशालराव आत गेले.

मोतीरामने मला उचललं आणि बॉनेटवर घासायला गेला. मग त्याचा हात थांबला. तो नत्थुजींकडे गेला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "नत्थुजी, आता का करू?"

"हेच आंधी काहून नाय इचारलं? तोंडाले कुलूप लावलं होतं का?" नत्थुजींनी बिडी विझवली. "देवरावानं सांगतलं असतं तुले, वारा इकडूनच येते म्हणून. कोरडं नको घासू, रंग जाईन. फडकं घासलेटात भिजव, पिळ, अन् हलक्या हातानं एकाच बाजूनं ओढ. मंग साबणानं धू. मेण उद्या सकाळी, भोंग्याच्या आंधी, हवा पडलेली असते तवा. अन् फवारा मोटरवर नको मारू, फडक्यावर मार. एक पत्रा झाला की पुसून चमकव, मंगच दुसरा."

"उद्या तुमी येता का?"

"इचारलं तं येतो."

दिवस मावळेपर्यंत मी घासलेटात भिजत होतो. ओढलं की रुईच्या वाती वळून निघत. गाडी काळी झाली, मी मात्र काळा आणि तेलकट झालो. मेणाच्या कामाला आता माझा उपयोग नव्हता, आणि दुसरं मऊ कापड मोतीरामकडे नव्हतं.

घरी त्याने सगळं सांगितलं, पण कापडाचं बोलला नाही. भागीरथाबाईंनी माझा वास घेतला. मग उठून पेटी उघडली.

"माय, ते राहू दे."

"तुया बापाचं धोतर पेटीत घडी घालून ठेवलं तं का करते ते? घेऊन जाय."

आता मी पुढच्या सीटखाली असतो. चाकं आणि इंजिन पुसायला मोतीराम मला घेतो. धोतराचा दुसरा भाग वरच्या कप्प्यात असतो, मेणासाठी. मला कसलीही तक्रार नाही. फक्त एक विनंती: जुनं कापड फेकण्याआधी ते कुणी नेसलं होतं, एवढं आठवून पाहा.

त्या सकाळचं सांगतो आणि थांबतो. भोंगा व्हायच्या आधी मोतीराम आवारात आला. नत्थुजी आलेच होते. मोतीरामने दुसऱ्या भागावर मेण फवारलं, एकेक पत्रा पुसला. भोंगा झाला तेव्हा बॉनेटमध्ये जिनाचं धुराडं स्पष्ट दिसत होतं. आठला खुशालराव आले, बॉनेटमध्ये पाहून त्यांनी टोपी सरळ केली, आणि मागे बसले. नत्थुजींनी चाबी मोतीरामच्या हातावर ठेवली. मोतीरामने गाडी फाटकापर्यंत नेली, तिथे उभी केली आणि मागे वळून विचारलं,

"मालक, मूर्तिजापुरात चहाले थांबू का सीधा अमरावती?"