कप्तानांची सहल

"पहिल्या दिवशी खेकडा," कप्तान म्हणाले. "त्यावर चर्चा नाही."

"आधी बोटीतून बंदर बघायचं," पलीकडच्या पलंगावरून बाई म्हणाल्या. "खेकडा खाऊन बोटीत चढलात, तर तो जिथून आला तिथं परत जाईल."

सिस्टर कप्तानांच्या हातात दुसरी सुई लावत होती. "हलू नका बरं. हात हलला तर बोटही नाही आणि खेकडाही नाही."

दोघांचीही मूत्रपिंडं कामातून गेली होती. एक दिवसाआड दोघं या खोलीत यायचे आणि नळ्यांतून रक्त मशीनमध्ये जाऊन, धुऊन परत अंगात येईपर्यंत पडून राहायचे. बाईंनी शाळेत भूगोल शिकवला होता. कप्तानांनी उभा जन्म विजेची मीटरं वाचण्यात घालवला होता. लोकांचे जिने चढायचे, दाराशी उभं राहून आकडा टिपायचा आणि उतरायचं. आत या, बसा, असं त्यांना क्वचितच कुणी म्हटलं असेल. ते कधी होडीतसुद्धा बसले नव्हते.

सहलीचं खूळ भिंतीवरच्या टीव्हीनं डोक्यात घातलं. त्याचा आवाज केव्हाच गेला होता, नुसती चित्रं हलायची. एकदा त्यात पूर्वेकडचं एक बंदर दाखवत होते. पाण्यावर दिव्यांचे रंग सांडलेले, अरुंद गल्ल्यांतून वाफाळत्या टोपल्या, कढईतून उसळणारा जाळ, आणि हे सगळं सोडून लगबगीनं बोटीकडे निघालेली माणसं. आवाज नसल्यामुळे कोण काय म्हणत असेल ते कप्तान आपल्या मनानं बोलायला लागले. खोली हसून हसून बेजार झाली. पुढच्या खेपेला बाईंनीच विषय काढला, "मग, निघायचं कधी?" तेव्हापासून ते कप्तान झाले.

खाण्यावर बंदी असलेली माणसं खाण्याबद्दल जेवढं बोलतात, तेवढं हॉटेलवालेही बोलत नसतील. मीठ नको, फळं नको, पाणीसुद्धा घोट मोजून. पण बंदरावर सगळं चालायचं. "मशीन तिथंही असणारच की," कप्तान म्हणायचे. "सकाळी रक्त धुऊन घ्यायचं, संध्याकाळी हात धुऊन पानावर बसायचं." मशीनचा भोंगा वाजला की ओरडायचे, "सिस्टर, पळा, बोट सुटली!"

सिस्टरलाही त्यांनी सहलीत धरलं होतं. "त्या नसतील तर सुया कोण लावणार? खिडकीजवळची जागा त्यांची." सिस्टर यावर हसायची; पण घरी गेल्यावर ते वाक्य तिला पुन्हा आठवायचं. ती भावाकडे राहत होती. भाऊ-वहिनी सुट्टीत कुठं निघाले की किल्ली तिच्या हातात द्यायचे, "घर सांभाळायला तू आहेसच." खिडकीजवळची जागा तिला आजवर कुणी दिली नव्हती.

एकदा बाईंनी विचारलं, "आणि तुमच्या मंडळी? त्यांना नाही न्यायचं?"

"ती?" कप्तानांनी छताकडे बघितलं. "तिला पाण्याची भीती. घरीच बरी."

सिस्टरनं नकळत दाराकडे पाहिलं. नातेवाइकांना आत यायची परवानगी नव्हती. दाराबाहेरच्या बाकावर त्यांच्या मंडळी, म्हणजे काकू, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या असायच्या, कप्तान आत असतील तितका वेळ.

मग एका रविवारी कप्तान दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

त्यांची जागा एका नव्या पेशंटला मिळाली. अशा जागा रिकाम्या ठेवून चालत नाही. बाईंनी एकदा जोर करून सुरुवात केली, "दुसऱ्या दिवशी मासळीबाजार..." आणि थांबल्या. कप्तान मध्ये बोलतील एवढी जागा सोडून त्या वाट बघत राहिल्या. पुढे त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या.

सिस्टरची गत वेगळी नव्हती. कुठलाही भोंगा वाजला तरी तिचे पाय आधी त्या पलंगाकडे वळायचे. बोट सुटली, असं कानाशी स्पष्ट ऐकू यायचं. एकदा तर ती "आले, आले!" म्हणत धावली, आणि तो नवा माणूस घाबरून तिच्याकडे बघत राहिला.

अशाच एका दुपारी ती औषधं आणायला बाहेर आली, तर बाकावर काकू. मांडीवर तीच पिशवी.

"काकू? काही कागद राहिलेत का?"

"नाही हो. त्यांची वेळ झाली, तशी निघाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं." काकूंनी पिशवीचा बंद सारखा केला. "आलेच आहे तर एक विचारू? आत तुम्ही सगळे एवढं कशाला हसायचात?"

सिस्टरनं मागचं दार ओढून घेतलं.

"इथं ऐकू यायचं मला. त्यांचं हसणं सगळ्यांत मोठं. मला आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी असेल. घरी ते बोलायचेच नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं, नुसते गप्प. आता ते गेले, तर घरात काही फरकच पडलेला नाही, सिस्टर. तीच शांतता. संध्याकाळी मी दोघांचा चहा टाकते आणि तो निवला तरी मला काही वाटत नाही. त्याचीच भीती वाटते."

सिस्टर त्यांच्याजवळ बसली आणि तिनं सहल सांगितली. बंदर, बोट, वाफाळत्या टोपल्या. सांगता सांगता तिला राहवलं नाही. "तुमच्यासाठी तर खिडकीजवळची जागा ठेवली होती त्यांनी," ती म्हणाली. "म्हणायचे, हिला सगळं नीट दिसलं पाहिजे."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मला पाण्याची भीती आहे, असं म्हणाले असतील ना?"

सिस्टरनं मान खाली घातली.

"नदीकाठची मी. लहानपणी या काठावरून त्या काठाला जायची पोहत. भीती त्यांना होती. लग्नानंतर एकदा पुलावरून जाताना माझा हात असा घट्ट धरला होता. तेवढाच एकदा." त्यांनी पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली. "माझ्यासाठी जागा करू नका, सिस्टर. ते जसे गेले असते, तसंच सांगा. मला त्यांना बघायचंय."

मग सिस्टरनं खरं ते सगळं सांगितलं. खेकड्यावरून झालेलं भांडण, बोट लागू नये म्हणून लवंग चघळायचा बेत, परक्या देशात भाषा येत नाही म्हणून दुकानदाराशी हातवारे करून घासाघीस करायची तालीम. ते हातवारे तिनं करूनही दाखवले, सुया लावलेला हात न हलवता एकाच हातानं केलेले, अगदी कप्तान करायचे तसे. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत, हे सिस्टरला कळेना आणि तिनं विचारलंही नाही.

"कुठं असायचे ते?" पदर सारखा करत काकूंनी विचारलं.

सिस्टर उठली आणि तिनं दार उघडून धरलं. काकूंनी चपला काढल्या, त्या बाकाखाली सरकवल्या आणि त्या आत आल्या. खोलीत सगळे डोळे मिटून पडले होते. मशीनं घरघरत होती. सिस्टरनं हातानं पलंग दाखवला.

नवा पेशंट गाढ झोपला होता. पांघरूण सरकून त्याचे पाय उघडे पडले होते. काकू थोडा वेळ पायथ्याशी उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी पांघरूण खाली ओढलं, पायांवर घातलं आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचलं. झोपेतच त्या माणसानं पाय जवळ घेतले. काकू पांघरुणावरचा हात तसाच ठेवून उभ्या होत्या.