सज्ज्यातली दाई

इटलीतल्या व्हिल्ला बेर्तोलान या जुन्या हवेलीच्या मोठ्या दालनात भिंतीवर एक सज्जा रंगवलेला आहे. त्यात मालकीणबाई रेलून उभ्या आहेत आणि मागे त्यांची म्हातारी दाई, चारशे वर्षं कुणाकडे तरी संशयाने बघत. पाहुणे मालकीणबाईंचे फोटो काढतात. राखणदार एजिदियो मात्र तीस वर्षं रोज खिडक्या उघडताना दाईची विचारपूस करत आला होता.

मार्चपासून दाईच्या कपाळावरचा गिलावा फुगू लागला. कारण उघड होतं. बागेतल्या देवदाराची एक फांदी छपरावर टेकली होती. वारा सुटला की ती दोन कौलं सरकवायची आणि पाणी थेट दाईच्या डोक्यात. करवतीने दहा मिनिटांचं काम. पण झाड संरक्षित, ते वृक्षखात्याचं. आणि भिंत संरक्षित, ती वारसाखात्याची. वृक्षखात्याने कळवलं, फांदीला धक्का लागता कामा नये. वारसाखात्याने कळवलं, भिंतीला हात लागता कामा नये. दोन्ही पत्रांच्या शेवटी मनःपूर्वक अभिवादन होतं.

एप्रिलमध्ये वारसाखात्याच्या फावारेत्तोबाई स्वतः येऊन गेल्या.

"बाई, शिडी आहे माझ्याकडे," एजिदियो हळूच म्हणाला. "दोन कौलं तर सरकवायचीत."

"हे मी ऐकलं नाही हं. कौलंसुद्धा सतराव्या शतकातली आहेत."

"त्यातली अर्धी मीच बसवलीत."

"तेही मी ऐकलं नाही."

बाई वाईट नव्हत्या. दाईकडे पाहून त्यांनी मनापासून उसासा टाकला आणि अर्जावर 'तातडीचे' असा शेरा मारला. तातडीच्या अर्जांची रांग वेगळी असते. ती जास्त लांब असते.

जूनच्या पहिल्या रविवारी पाऊस धरून बसला. त्रेव्हिझोहून बँकेतल्या निवृत्त मंडळींचा जथा आला. बुटांवर लोकरी सपाता चढवून सगळे दालनात घसरत फिरत होते. अशाने फरशी राखली जाते आणि फुकटात पुसूनही निघते. एजिदियो माहिती सांगत असताना मागे 'थप्प' असा ओला आवाज झाला.

दाईचा चेहरा खाली पडला होता. हनुवटीचा चुरा झाला होता. डावा डोळा मात्र हातभर अंतरावर अख्खा पडून छताकडे बघत होता.

"हे रोज असतं, की फक्त रविवारी?" एका आजोबांनी विचारलं.

तिकिटांच्या टेबलावरून एजिदियोची बायको नोर्मा धावत आली. तिनेच फावारेत्तोबाईंना फोन लावून दिला.

"कुणी हात लावू नका!" बाई ओरडल्या. "कुठला तुकडा कुठे पडला, त्यावरून तर तो जोडायचा असतो. फोटो काढल्याशिवाय काही हलवायचं नाही. उद्या दोन जून, प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, मी परवा येते."

"वरून गळतंय, बाई. थेट डोळ्यात. काळी बाहुली विरघळायला लागली."

बाई बारीक आवाजात म्हणाल्या, "एजिदियो, तुम्हीच सांगा, मी काय करू?"

त्याने फोन ठेवला.

"उचल की," नोर्मा कुजबुजली. "कोण बघतंय?"

"उचलला आणि पुन्हा जोडता नाही आला तर?"

"आणि नाही उचललास तर?"

नोर्माने पाहुण्यांची एक छत्री आणून त्याच्या हातात दिली. छत्रीबद्दल दोन्ही खात्यांचं अजून काही म्हणणं नव्हतं. एजिदियोने ती उघडली आणि डोळ्यावर धरून वाकून उभा राहिला. मंडळी घसरत पुढच्या दालनात गेली.

"परवापर्यंत असाच उभा राहणार?"

"तू रात्री धर. मी जरा पाठ टेकेन."

"मूर्खा," नोर्मा म्हणाली आणि खुर्ची आणायला गेली.

बाहेर वारा सुटला. फांदी कौलांवर घासली आणि गळती वीतभर डावीकडे सरकली. एजिदियोही सरकला.