नाहीबाईचा सर्व्हर

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरात नाहीबाई म्हणतात. नाव ठेवलं माझ्या नवऱ्याने, आणि नावं ठेवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचं बोलणं जाणार असतं, त्यांचा आवाज आधीच साठवून ठेवणाऱ्या एका केंद्रात ती काम करते. पुढे तो माणूस टॅबलेटवर अक्षरं टाइप करतो आणि टॅबलेट त्याच्याच आवाजात बोलतो. हे सगळं एका लिनक्स सर्व्हरवर चालतं आणि तो सर्व्हर माझी जाऊ सांभाळते.

त्यावर काही नवीन बसवायचं असलं की सर्व्हर आधी दाखवतो, काय येणार, काय जाणार, आणि विचारतो, करू का? बाकीची माणसं हो म्हणून मोकळी होतात. ही पहिल्यांदा नाहीच म्हणते. मग खुर्ची पुढे ओढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि पटलं तरच तोच हुकूम पुन्हा देऊन हो म्हणते. घरीसुद्धा तेच. चहा घेणार का विचारलं, तर नाही. आणि थोड्या वेळाने, बरं, द्या.

मी टपाल कचेरीत खिडकीवर बसते. शिक्का मारायचा, पुढचा बोलवायचा. असल्या संथ माणसांनी माझं डोकं उठतं, हे मी लपवत नाही. त्यात तीच जाऊ म्हणून पदरात पडली.

माझा नवरा पोहायला शिकवतो. तलावाच्या या टोकाला उभा राहून "पाय मारा, पाय!" ओरडला की त्या टोकाची मुलं बुडता बुडता वर येतात. अशा माणसाच्या स्वरयंत्रातच गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. तो मान हलवून "हो हो, काढा की" म्हणाला, जसा काही दात काढायचा होता. घरी आल्यावर मात्र बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसला.

आवाज साठवायला जुन्या पद्धतीत आठवडेच्या आठवडे वाचावं लागायचं. आमच्याकडे तेवढे दिवस होते. मग तपासणीत गाठ वाढलेली दिसली, ऑपरेशन अलीकडे आलं, थेट दुसऱ्या दिवशी सकाळवर. संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. एकच वाट उरली. एका बैठकीत आवाज उचलणारा नवा प्रोग्रॅम केंद्राने आणलेला होता, पण सर्व्हरवर बसवलेला नव्हता. तो त्या दुपारपर्यंत बसला तर माझ्या नवऱ्याचा आवाज राहणार, नाही तर गेला तो गेलाच.

आम्ही सकाळीच केंद्रात जाऊन बसलो. सर्व्हरची खोली म्हणजे काचेचं दार, आत गार हवा, आणि एका मांडणीवर घरघरणारं यंत्र. बाहेरच्या बाकावर एक ग्रंथपालबाई होत्या. त्यांचं स्वरयंत्र केव्हाच काढलेलं. त्या टॅबलेटच्या तपासणीला आल्या होत्या. नवऱ्याकडे बघून त्यांनी टाइप केलं आणि टॅबलेटमधून बाईचा खणखणीत आवाज आला, "घाबरू नका. मी जन्मभर लोकांना गप्प बसवलं, त्याची ही शिक्षा. तुमचा काय गुन्हा?"

नवरा खोखो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मी तो हसण्याचा आवाज मनात धरून ठेवायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की असं काही धरून ठेवता येत नाही.

आत जावेने हुकूम दिला. पडद्यावर ओळी धावल्या, प्रश्न आला. तिने नाही म्हटलं.

"अगं, आज तरी!" मी ओरडले. "हो म्हण ना!"

"वहिनी, खालच्या ओळी वाचा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तरी वाचा."

मी वाचल्या. येणाऱ्यांची नावं भारंभार होती. सगळ्यात खाली, काढले जाणार या मथळ्याखाली, एकच नाव होतं.

"हे काय आहे?"

तिने दाराकडे बोट केलं. बाहेर ग्रंथपालबाई माझ्या नवऱ्याला काहीतरी सांगत होत्या. "ते," ती म्हणाली. "जो प्रोग्रॅम त्यांच्या आवाजात बोलतो, तो."

मग तिने मला समजावलं, आणि टपालवालीला समजेल असं समजावलं. या सर्व्हरवर प्रोग्रॅम सुटे येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. एका गठ्ठ्याला मॉड्यूल म्हणतात. एकाच मॉड्यूलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या तयार असतात, पण एका वेळी एकच चालू ठेवता येते. नव्या प्रोग्रॅमला नवी आवृत्ती हवी होती. ग्रंथपालबाई आणि त्यांच्यासारखे सगळे जुनीवर बोलत होते. नवी चालू करायची तर जुनी बंद करावी लागणार, आणि जुनीबरोबर ती सगळी माणसं मुकी होणार.

खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, होऊ देत. आपला तो बाब्या. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. जावेने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, आणि यासाठी मी तिची कायम ऋणी आहे.

"दोन्ही राहतील," ती म्हणाली. "पण मला घाई करायची नाही. आणि तुम्ही मला करायला लावायची नाही."

तिने सर्व्हरच्या पोटातच एक बंद खोली बांधायला घेतली. कंटेनर म्हणतात त्याला. आतल्या खोलीत नवी आवृत्ती नांदेल, बाहेर जुनी, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. "जावाजावांचं घर," मी म्हणाले. ती पहिल्यांदा हसली.

मग ती दार उघडून ग्रंथपालबाईंकडे गेली. "बाई, माझं एक काम कराल? मी काम करतेय तोवर बोलत राहा. काहीही बोला. तुमचा आवाज अडखळला की मला कळेल, माझं बाहेर काही बिघडलं."

जन्मभर "शू" म्हणणाऱ्या बाईंना अशी विनंती कोणी केली नसेल. त्या सुरूच झाल्या. पुस्तकं परत न करणाऱ्यांच्या सबबी सांगितल्या, शेजारणीच्या मांजराचं चारित्र्य सांगितलं. आत माझी जाऊ एकेक गठ्ठा आत नेत होती. प्रश्न आला की नाही. वाचायचं. पुन्हा हुकूम, मग हो. बाहेर मांजर चालू.

मी आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम शेजारी बसून बघत होते. मला वाटायचं, ती भित्री आहे. भित्र्या माणसाचे हात असे नसतात. तिची बोटं कीबोर्डवरून पटपट जात होती. थांबत होती ती फक्त प्रश्नापाशी. मी शिक्का मारते तेव्हा पाकिटाकडे बघते. ही पाकिटाच्या आतल्या माणसाकडे बघत होती.

दुपार कलली तेव्हा नवा प्रोग्रॅम उभा राहिला, आणि अडला. आतल्या खोलीला माइक ऐकूच येईना. नवरा बाहेर बाकापाशी मांडलेल्या माइकसमोर "एक, दोन, एक, दोन" करून थकला. भरतीची वेळ जवळ येत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या हिशेबी तो माझा पराक्रमच.

"भिंत बांधली, पण खिडकी ठेवायची राहिली," जाऊ स्वतःशीच पुटपुटली. तिने आतल्या खोलीला माइकपुरती परवानगी दिली, फक्त माइकपुरती. ती देतानासुद्धा सर्व्हरने विचारलं, आणि तिने आधी नाही म्हटलं.

बाहेर माझा नवरा ग्रंथपालबाईंना म्हणाला, "बघितलंत? आमची नाहीबाई!" आणि पडद्यावरचा आवाज मोजणारा काटा उडाला. माइकने ऐकलं होतं. बाहेर ग्रंथपालबाईंचा आवाजही चालूच होता.

मी उठून जावेला मिठी मारली. तिला सवय नाही, ती खुर्चीसकट मागे सरकली.

मग त्याने वाचलं. वाक्यं अगदी रटाळ होती, दार बंद करा, पाणी थंड आहे, असली. शांत आवाजात वाचायची होती, पण हा प्रत्येक वाक्य तलावाच्या पलीकडे पोचवत होता. काटा सारखा लाल भागात. "दादा, हळू," जाऊ सांगून दमली आणि शेवटी म्हणाली, "जाऊ दे. हाच त्यांचा खरा आवाज आहे." भरतीला आम्ही उशिरा पोचलो, परिचारिका ओरडली, आणि नवऱ्याने तिच्याशी आपल्या गळ्यातून शेवटचं भांडण करून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. त्याला टॅबलेट धरता येईल इतकी ताकद आली त्या दिवशी आम्ही दोघी जावा त्याच्या खाटेपाशी होतो. गळ्याला पट्टी, तोंड उतरलेलं.

"दुखतंय का हो?" मी विचारलं.

त्याने एका बोटाने टाइप केलं.

"नाही!"

सगळा वॉर्ड दचकला. तलावाचा आवाज, जसाच्या तसा. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही.

"खोटं बोलताय."

तो जावेकडे बघून डोळे मिचकावत टाइप करत राहिला. "आधी नाही म्हणायचं, बायकोसाहेब! मग नीट वाचायचं!" मग तो थांबला. मिस्कीलपणा ओसरला. त्याने एक अक्षर टाइप केलं.

"हो!"

तेही तितक्याच मोठ्याने. दुखतंय हे या माणसाने जन्मात पहिल्यांदा कबूल केलं, ते असं ओरडून. मी त्याचा हात घट्ट धरला. परिचारिका धावत आली, बाकीचे पेशंट झोपलेत म्हणाली.

जावेने टॅबलेटकडे हात नेला आणि तो तिथेच थांबवला.

"आवाज कमी करू का, वहिनी?"

"नाही," मी म्हणाले.