नंबराचं टोक

मी अ‍ॅल्युमिनियमचा फिलर रॉड बोलतोय. म्हणजे उरलाय तो वीतभर तुकडा. टिग वेल्डिंगमध्ये जो वितळून भेग भरतो, तो मी. एवढी ओळख द्यावी लागते, कारण आमच्या चौसाळा गावात मला सगळे ‘काडी’ म्हणतात. उदबत्तीलाही तेच म्हणतात.

माझ्या अंगात सिलिकॉन आहे. चुलीवर तापणाऱ्या भांड्याला मी बरा. माझ्या शेजाऱ्याच्या, दुसऱ्या रॉडच्या, अंगात मॅग्नेशियम. तो माझ्याहून ताठ, मजबूत. पण सतत तापणाऱ्या जागी पुढेमागे तडकतो. दिसायला आम्ही जुळे. म्हणून कारखान्याने टोकावर नंबर ठोकले: माझा ४०४३, त्याचा ५३५६. माणसं वाचतात, अशी कारखान्याची भाबडी समजूत असावी.

आमचा मालक अजिनाथ. हायवेला त्याचं वेल्डिंगचं दुकान. त्याने दोघांनाही एकाच पाइपात कोंबलं. रॉड निवडायची त्याची रीत एकच: वाकवून बघायचा, कडक तो चांगला. इथली माणसं पुढारीही असेच निवडतात, पण तो माझा विषय नव्हे.

खंडेनवमीला त्याने हत्यारांची पूजा मांडली. तेलात कालवलेली हळद आणि वर कुंकू आमच्या टोकांना लागलं, नेमकं नंबरावर. ज्याला वर्षभर फडकं लावलं नाही, त्याला एक दिवस देव केलं. मला हसू आलं. कदाचित मीच उद्धट असेन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फरीदा आली. लग्नाची जेवणं शिजवणं हा तिचा धंदा. तिची एकुलती एक अ‍ॅल्युमिनियमची देग, बिर्याणीचं मोठं भांडं, बुडाशी चिरली होती.

“उद्या पाली गावात वलिम्याचं जेवन हाय, अजिनाथभाऊ. देग गळली तर पुन्हा कोन बोलवतंय मला?”

“बिनघोर ऱ्हावा, आपा.”

अजिनाथने शेजाऱ्याला उचललं. कडक होता ना! गेट घासायचा लोखंडी ब्रश देगीवर फिरवला आणि तसंच हळदीसकट काम सुरू केलं. तेल जळालं, काजळी उठली, टाका काळाठिक्कर पडला. फरीदाने पाणी ओतलं. खाली थेंब.

“गळायलंय की हे!”

“भात फुगला की बुजतंय, आपा.”

“तुमच्या घरी बुजत असंल. माझ्या देगीत बिर्याणी शिजती, सिमेंट न्हाई! आन् काडीला हळद कावून लावली? नवरी हाय का ती?”

“पूजा केलती.”

“बरं केलं. पन नवरीबी हळद धुऊनच मांडवात येती.”

 अजिनाथने काळा टाका घासून काढला, कोऱ्या स्टीलच्या ब्रशाने जागा चकचकीत केली आणि थिनरच्या फडक्याने आम्हाला पुसलं. नंबर उघडे पडले.

“हे आकडे कशाचे?” फरीदाने विचारलं.

इतक्या वर्षांत त्याने ते पहिल्यांदा वाचले. मग रॉड विकणाऱ्या बीडच्या दुकानदाराला फोन लावला. चुलीवरच्या भांड्याला चार हजार त्रेचाळीस, असं उत्तर आलं.

मी वितळलो. टाका चांदीसारखा, खवल्याखवल्यांचा पडला. देग पुन्हा पाण्याने काठोकाठ भरली. फरीदाने बुडाखालून ओढणीचं टोक फिरवलं, कोरडं निघालं.

“आता कसं!” म्हणाली आणि देग टेम्पोत चढवून गेली.

वलिम्याची बिर्याणी अजिनाथलाही आली. बोटं चाटत तो शेजारच्या पंक्चरवाल्याला म्हणाला, “देवीची किरपा, बे!” माझं नाव नाही. अपेक्षाही नव्हती.

पण एक गोष्ट सलते. त्या शहाण्याने मला नंबराच्या टोकाकडूनच वितळवलं. माझी ओळख देगीत गेली आणि मी बिननंबरी तुकडा होऊन पुन्हा त्याच पाइपात, शेजाऱ्याच्या तुकड्यांत पडलो. आता कधीकधी मलाच शंका येते: मी तोच ना? सगळ्या गावाला हसलो, आणि माझ्यापाशीच पुरावा नाही.

तुमच्या हाती असा रॉड आला तर आधी पुसा, वाचा, आणि नंबराचं टोक शेवटपर्यंत राखा. अजिनाथला सांगून उपयोग नाही. आज कुणीतरी चहाचं पातेलं घेऊन आलंय. अजिनाथचा हात पाइपात शिरलाय.

मला वाकवून बघतोय.