‘नाजूक’चा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर एकच शब्द उलटा कोरलेला आहे, ‘नाजूक’. सामान बांधून परगावी पाठवणाऱ्या एका दुकानात माझा सारा जन्म गेला.

सुरुवातीला माझा मोठा रुबाब होता. काचेची भांडी, घड्याळं, औषधांच्या बाटल्या, एवढ्याच खोक्यांवर मला उमटवत. माझी लाल अक्षरं दिसली की हमाल खोकं दोघांनी मिळून उचलत. लोकांच्या बोलण्यातही मी माझा शब्द कान देऊन ऐकायचो. शेजारचा शिंपी तलम कापडाला नाजूक म्हणे. तान्ह्या बाळाची बोटं नाजूक असत. भावाभावांच्या वाटणीची गोष्ट निघाली, की “विषय नाजूक आहे” म्हणून मोठी माणसं हळू बोलत.

पण गिऱ्हाइकांना आपापलं सामान जिवापाड प्रिय. “काका, आमच्याही खोक्यावर मारा की,” असं जो तो म्हणू लागला. मालक पडले भिडस्त. गाद्या, पुस्तकं, लोखंडी कढया, सगळ्यांवर मी उमटलो. मग हमालांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. खोकी धपाधप आदळू लागली.

एके दिवशी मालकीणबाई दवाखान्यातून आल्या. त्यांना सगळे काकू म्हणत. सुतळीला गाठ मारता मारता त्या म्हणाल्या, “अहो, डॉक्टर म्हणतात हृदय नाजूक झालंय. ओझं उचलायचं नाही.”

मालक हसले. “अगं, त्यांना तसं म्हणावंच लागतं. आपण नाही का कढईवर शिक्का मारत?”

काकूही हसल्या आणि त्यांनी पुढचं खोकं उचललं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण शिक्क्याला कुठली वाचा?

थंडी सरायच्या आत काकू गेल्या. पुस्तकांचं खोकं उचलताना त्या मटकन खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. मालक कितीतरी दिवस दुकानात नुसते बसून असत.

मग लेकीचा फोन आला. तिला आईचा चष्मा हवा होता. मालकांनी तो कापसात गुंडाळून छोट्या खोक्यात ठेवला. सवयीने मला शाईत बुडवलं, आणि त्यांचा हात तसाच थांबला. त्यांनी मला खाली ठेवलं. दुकानाला कुलूप घालून, खोकं छातीशी धरून ते स्वतःच लेकीकडे निघाले.

मित्रांनो, मला उगाच कुठेही मारू नका. आणि माझा शब्द एखाद्या माणसाच्या तोंडून ऐकलात, तर हसण्यावारी नेऊ नका. आधी त्याच्या हातातलं ओझं घ्या.