धोंडूबाईचा दाखला

डॉक्टर हालवर्सन येत्या शुक्रवारी पहाटे कायमचे नॉर्वेला जाणार, ही बातमी पडघ्याच्या बाजारात फुटली आणि आसपासच्या पाच गावांनी ठरवून टाकलं, की या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नाही. लांबच्या मुलखाला निघालेल्या माणसानं एका घरी घास घेतला, की दुसऱ्या घरी नाही म्हणायचं नसतं, हा आमच्याकडचा कायदा. त्यावर अपील नाही. आठ दिवसांत तेवीस घरं झाली. वालाचं बिरडं, कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, पुन्हा कोंबडी. डॉक्टरांच्या बायकोच्या, मार्थाबाईंच्या ओटीत इतके नारळ पडले, की जीपची मागची सीट भरली. विमानात माणशी वीस किलोच नेता येतं, हे सांगायची त्या माउलीची छाती झाली नाही.

धोंडूबाईला मात्र ही जेवणावळ बघून बघून संताप येत होता. तिला डॉक्टरांकडून एक कागद हवा होता. एकच. आणि गेले आठ दिवस डॉक्टरांचा हात एक तर ताटात होता, नाही तर कोणाच्या तरी डोक्यावर.

धोंडूबाई ही डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाई. सदुसष्ट साली मिशननं हायवेच्या कडेला पत्र्याचा दवाखाना काढला, तेव्हा ती नुकती विधवा झालेली, बावीस वर्षांची. झाडायला म्हणून आली आणि बघता बघता सुया उकळायला लागली, मलमपट्टी करायला लागली, मग बाळंतपणं. एकोणीस वर्षांत तिच्या हातावर किती पोरं जन्मली याचा हिशेब तिलाही नव्हता. डॉक्टरांनी या एकोणीस वर्षांत येशूची गोष्ट न चुकता सांगितली. लोकांनी ती आवडीनं ऐकली, गोळ्या घेतल्या आणि घरी जाऊन सत्यनारायण घातला. धोंडूबाईही त्यातलीच. डॉक्टरांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. माणूस मनाचा मोठा, यात शंका नाही. पण मोठ्या मनाच्या माणसाकडून एक साधा कागद काढायचा म्हणजे काय दिव्य असतं, ते धोंडूबाईलाच विचारा.

सरकारनं यंदा डॉक्टरांची राहण्याची मुदत वाढवली नाही. दवाखाना बंद होऊन तिथे एका ट्रान्सपोर्टवाल्याचं गोडाऊन होणार होतं. भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात स्त्री परिचराची एक जागा निघाली होती. वय उलटून गेलेलं असलं तरी अनुभवाचा दाखला असेल तर चालेल, असं जाहिरातीत होतं. अर्ज द्यायची शेवटची तारीख गुरुवार, संध्याकाळी पाच. ही जागा गेली, तर धोंडूबाईला त्याच गोडाऊनमध्ये गोणी शिवत बसावं लागणार होतं. आडव्या आलेल्या बाळाचं डोकं पोटावरून चाचपून ओळखणारे हात, आणि गोणी! या विचारानं तिचा जीव कासावीस व्हायचा.

तिनं दाखला मागितला, तेव्हा डॉक्टरांचे डोळे भरून आले. "धोंडूबाई, हे तर माझं परम कर्तव्य आहे," ते म्हणाले. मराठी ते मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे बोलायचे ते पोथी वाचल्यासारखं. रविवारी दौलत पाटलाच्या पडवीत, पंगत बसलेली असताना, त्यांनी इंग्रजीत लिहिलेला पानभर कागद सगळ्यांसमोर धोंडूबाईच्या हाती दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोंडूबाईनं तो कपाळाला लावला आणि मंगळवारी एस.टी.नं भिवंडी गाठली.

तिथल्या क्लार्कचं नाव प्रभाकर. जुन्या भिवंडीतला, बापही कचेरीतच निवृत्त झालेला. त्यानं चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

"बाई, पत्र फार सुंदर आहे हो. मी माझ्या बायकोबद्दलसुद्धा असं लिहू शकणार नाही. पण याचा उपयोग काही नाही."

"का? सही हाय की त्यांची."

"सही आहे. पण लिहिलंय काय? 'धोंडूबाई आमची नोकर कधीच नव्हती. ती माझी बहीण आहे. तिने आमच्याकडे काम केले नाही, ती आमच्यासोबत जगली.' म्हणजे तुम्ही काम केलं नाही, हे डॉक्टरांनीच लिहून दिलंय! मला हुद्दा हवा, रुजू झाल्याची तारीख हवी, कामाचं स्वरूप हवं. हजेरीपत्रकात नाव असेल ना तुमचं?"

इथेच तर घोडं पेंड खात होतं. हजेरीपत्रक कंपाउंडरचं होतं, ड्रायव्हरचं होतं. धोंडूबाईचं नव्हतं. तिला मार्थाबाई दर महिन्याला पाकीट द्यायच्या, भाऊबीज घालावी तसं, हातात हात घेऊन. घरच्या माणसाची कोणी हजेरी मांडतं का?

बुधवारी तिनं डॉक्टरांना दोन जेवणांच्या मधे, हात धुताना गाठलं.

"डॉक्टर, त्यात नोकर असं लिवा. तारीख लिवा."

डॉक्टरांचा चेहरा एखाद्यानं थोबाडीत मारावी तसा झाला. त्यांचे वडील तिकडे दुसऱ्याच्या शेतावर राबलेले, मालकापुढे टोपी काढून उभे राहिलेले. माझ्या घरात कोणी मालक नाही आणि कोणी नोकर नाही, अशी शपथ त्यांनी तरुणपणी घेतली होती. "आपण माझ्या भगिनी आहात," ते म्हणाले. "मी असत्य कसं लिहू? परंतु चिंता नको. मी अधिक विस्तारानं लिहितो."

आणि खरंच लिहिलं. संध्याकाळी दोन पानं आली. डॉक्टरांची मुलगी लिसा, तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली आणि धोंडूबाईच्या कडेवर वाढलेली. तिनं ओट्यावर बसून कागद वाचला आणि मान हलवली.

"मावशी, यात पन तेच हाय. बहीन तीन वेळा हाय. तारीख न्हाय."

धोंडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची गत झाली. या माणसाचं प्रेम तिच्या मुळावर आलं होतं, आणि प्रेमाशी भांडायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी दुपारचं शेवटचं जेवण तिच्याच घरी होतं. सासू आक्कानं पहाटेपासून चूल पेटवली होती. डॉक्टर, मार्थाबाई आणि लिसा पाटावर बसले. शेजारच्या चार बायका दारात उभ्या. पानं मांडली, मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली. भाताचं पातेलं घेऊन धोंडूबाई समोर आली आणि ते तिनं जमिनीवर ठेवून दिलं.

"आधी कागुद. मग भात."

दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पानावर बसलेल्या माणसाचं अन्न अडवणं, याहून मोठं पाप आमच्याकडे नाही. आक्कानं कपाळ बडवून घेतलं. "मेले, अवदसा आठवली काय तुला? पावना हाय तो!"

"तू गप ऱ्हा, आक्का." धोंडूबाई डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, तुमची सख्खी बहीन आली व्हती, तिकडनं. दोन महिने ऱ्हायली. तिला कदी सांगितलंत, ऊठ, बेडपॅन धू? रात्रीची बाळंतीन आली, तिला उठवलंत का मला?"

डॉक्टरांनी पानातली लिंबाची फोड उगाच सरकवली.

"मी रडत न्हाय त्याच्यासाटी. मला काम आवडलं, मी केलं. पन बहीन म्हनताव तर मला इमानात घ्या. उद्या पहाटे. घेताव?"

मार्थाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बहिनीला अशी टाकून गेलात तर तुमाला पाप लागंल. नोकराला टाकून गेलं तर काय लागत न्हाय. म्हनून सांगते, नोकर लिवा. तुमी बी सुटाल, मी बी सुटंन."

मग मार्थाबाईच उठल्या. नवऱ्याला काही न विचारता त्या जीपमधून मिशनचा छापील कागद आणि शिक्का घेऊन आल्या. त्यांनी कागद पाटावर ठेवला आणि पेन नवऱ्याच्या हातात दिलं. त्यांच्या भाषेत त्या एकच वाक्य बोलल्या, पाकिटात पगारच असायचा म्हणून. लिसानं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

डॉक्टरांनी या वेळी मराठीत लिहिलं, बाळबोध अक्षरात, एकेक शब्द दाबून. सही केली, शिक्का मारला. धोंडूबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं कागद उजेडाला धरून बोट फिरवत वाचला. हुद्दा: दवाखान्यातील पगारी नोकर. रुजू झाल्याची तारीख: ४ जून १९६७. काम: मलमपट्टी, निर्जंतुकीकरण, प्रसूती. कामावरून कमी होण्याचे कारण: मालक निघून गेला.

'मालक' हा शब्द लिहिताना पेनानं कागद फाटला होता.

धोंडूबाईनं मग भात वाढला. वर बिरडं वाढलं. आग्रह करायला मात्र ती थांबली नाही, कारण अडीच वाजून गेले होते. पुढचं आक्कावर सोपवून ती हायवेला आली. एस.टी.चा पत्ता नव्हता. शेवटी भिवंडीकडे जाणारा एक ट्रक तिनं हात दाखवून थांबवला. बायपासला रस्ता खोदलेला, पुढे कापडाच्या गाठींनी भरलेला टेम्पो बंद पडलेला. ट्रकचा ड्रायव्हर निवांत बिडी ओढत बसला आणि धोंडूबाई दाताखाली पदर धरून मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत बसली. डॉक्टरांना, सरकारला, टेम्पोवाल्याला आणि सगळ्यांत जास्त स्वतःला.

पाचला दहा मिनिटं असताना ती प्रभाकरच्या टेबलासमोर उभी राहिली. त्यानं दाखला वाचला. या वेळी एकदाच.

"आता कसं! हे कामाचं झालं." त्यानं अर्जाचा फॉर्म पुढे ओढला आणि स्वतःच भरायला घेतला. नाव, वय, गाव, शिक्षण. अर्ध्यावर तो थांबला.

"एक रकाना राहिलाय, बाई. दाखला देणाऱ्या माणसाशी अर्जदाराचं नातं. नात्यातल्याचा दाखला चालत नाही, म्हणून विचारावं लागतं. डॉक्टर तुमचे कोण लागतात?"

धोंडूबाईनं तोंड उघडलं. तिनं टेबलाची कड धरली. बाहेर कापडाच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट चालू होता आणि भिंतीवरचं घड्याळ पाचकडे सरकत होतं.

"कोन न्हाय," ती म्हणाली.

प्रभाकरनं त्या रकान्यात वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिलं आणि अर्ज दाखल करून घेतला.